ल्यूबेनच्या चाळिसाव्याचं पत्रक

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, चूक लिनक्सची नव्हती. गावात अजूनही कोणी तसं म्हणालं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. चूक प्रिंटरची होती, थोडी इस्क्राची होती, आणि खरं बोलायचं तर बरीचशी माझ्या तोंडाची होती.

मी झहारी. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, आता निवृत्त. आमच्या दोल्ना स्लिवा गावाच्या वाचनालयात एकच कॉम्प्युटर आहे. त्याची जुनी सिस्टिम इतकी मंदावली होती की इस्क्रा सकाळी बटण दाबायची, कॉफी करायची, प्यायची, कप विसळून ठेवायची, तेव्हा कुठे पडदा उजळायचा. इस्क्रा म्हणजे वाचनालयाची सेक्रेटरी, शेजारच्या गावाहून मंगळवारी आणि गुरुवारी बसने येते. वसंतात मी तिला म्हटलं, "मला दोन दिवस दे, फुकटात नवा करून देतो." आणि लिनक्स घातलं. कॉम्प्युटर वाऱ्यासारखा पळायला लागला. प्रिंटर मात्र त्या दिवसापासून रुसला तो रुसलाच. 'करू, बघू' म्हणत मी सगळा उन्हाळा काढला. उन्हाळ्यात कोणाला काय छापायचं असतं? टोमॅटोला पत्रं लिहायचीत?

आणि ऑगस्टच्या शेवटी ल्यूबेन गेला.

ल्यूबेन आमचा पाणीवाला. तीस वर्षं त्याने गावाचे मीटर वाचले. ऑगस्टच्या उन्हात कोणी चोरून बागेला नळी लावली की हा पठ्ठ्या पहाटे हजर, नळाला कुलूप ठोकून मोकळा. ना भाऊ बघितला, ना पाद्री. एकदा तर स्वतःच्या सासूचा नळ बंद केला. गावात असं घर नव्हतं ज्याने त्याला शिव्या घातल्या नसतील. त्याच्या दफनाला मोजून सात माणसं. चार शवपेटी उचलायला बोलावलेली, एक पाद्री, एक मी आणि एक त्सोना, त्याची बायको.

त्यात पत्रकंही लागली नव्हती. इतरांची कशी लागतात, काळी चौकट, फोटो, खाली कधी आणि कुठे, फाटकावर, विजेच्या खांबांवर, दुकानाच्या दारावर, बसथांब्यावर. ल्यूबेनचं एकही लागलं नाही, कारण प्रिंटर रुसलेला, आणि तो रुसलेला कोणामुळे, हे सगळ्या गावाला ठाऊक.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी जेवणानंतर मी वाचनालयात बसलो होतो, तेवढ्यात त्सोना आत आली. काळा रुमाल, काळा झगा, हातात ल्यूबेनचा फोटो.

"झहारी, शनिवारी चाळिसावा आहे."

"माहीत आहे, त्सोना." आमच्यात माणूस गेल्यावर चाळिसाव्या दिवशी चर्चमध्ये प्रार्थना आणि मग घरी सगळ्यांना जेवण असतं.

"आठ किलो गहू भिजत घातलाय. अक्रोड फोडून झाले. अंगणात चार टेबलं मांडलीत." तिने फोटो टेबलावर ठेवला. "तेव्हा माणसं आली नाहीत, कारण पत्रकं लागली नव्हती. तुझ्या त्या पेंग्विनमुळे." लिनक्सचं चिन्ह पेंग्विन आहे, त्यामुळे गावभर हे असंच बोलतात. "या वेळी लागली पाहिजेत. लोकांना कळलं तर येतील ना?"

पत्रकं लागली असती तरी सातांची आठ झाली नसती, हे मला माहीत होतं. पण चार टेबलं मांडून बसलेल्या बाईच्या तोंडावर ते कसं सांगायचं? मी नुसतं म्हटलं, "येतील की. न यायला काय झालं? चल इस्क्रा, हा प्रिंटर आज चालू केल्याशिवाय मी उठत नाही."

"दादा, साडेचारची बस आहे," इस्क्रा म्हणाली. "तुम्हालाही त्याच बसने लेकीकडे व्रात्साला जायचंय ना?"

"अगं, अजून चार तास आहेत! ड्रायव्हर घालायला दहा मिनिटं लागतात."

हे वाक्य मी आयुष्यात पुन्हा कधी बोलणार नाही.

इंटरनेटची तार आदल्या दिवशीच्या वाऱ्यात तुटली होती, म्हणून माझ्या फोनवरून कॉम्प्युटरला नेट दिलं. टर्मिनलची काळी खिडकी उघडली, हुकूम लिहिला. त्याने पासवर्ड मागितला. इस्क्रा टाईप करू लागली आणि थांबली.

"कीबोर्ड मेला. काहीच उमटत नाही."

"उमटणारच नाही. लिनक्समध्ये पासवर्ड दिसत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. आंधळ्यासारखं लिहायचं."

तिने लिहिला. चुकीचा. पुन्हा लिहिला. चुकीचा. तिसऱ्यांदा चुकल्यावर माझ्या ध्यानात आलं की कीबोर्ड बल्गेरियनवरच राहिलाय आणि पासवर्ड लॅटिन अक्षरांतला. दिसतच नसेल तर कळणार कसं? मी कपाळाला हात लावला. त्सोना म्हणाली, "माझ्या शिवणाच्या मशीनला पासवर्ड नाही."

अखेर सिस्टिमने दार उघडलं आणि लगेच सांगितलं, थांबा, दुसरं कोणीतरी आधीच इन्स्टॉल करतंय.

त्सोनाने मागे वळून पाहिलं. "दुसरं कोण? इथे आपण तिघंच आहोत."

"तो स्वतःच. आपोआप ताजा होतोय."

"मग त्याचं त्याला होऊ दे ना. कशाला मध्ये मध्ये करतोस?"

वीस मिनिटांनी त्याचं उरकलं. मग मी इंटरनेटवरून शोधून एक ड्रायव्हर आणला. तो म्हणाला, मला अमुक फाईल हवी. ती आणली. ती म्हणाली, मला तमुकची जुनी आवृत्ती हवी. जुनी घालायला गेलो तर नवी म्हणाली, मी जागची हलणार नाही, माझ्यावर अकरा जण अवलंबून आहेत. मी दात-ओठ खात एकेक उपटत होतो, एकेक बसवत होतो. इस्क्राने खिडकी उघडली, कारण माझ्या शिव्यांनी खोलीत कोंदट झालं होतं म्हणे. आणि गंमत ऐका. पावणेतीनला मला कळलं की मी आणलेला ड्रायव्हर मुळात दुसऱ्याच जातीच्या, जुन्या मशीनसाठी होता. तरी हट्टाने मी तो अर्धामुर्धा बसवलाच.

चाचणीचं पान काढलं. निघालं! रंगीत पट्टे, रेघा, सगळं झकास. माझी छाती फुगली. "बघा! चूक लिनक्सची कधीच नसते."

इस्क्राने ल्यूबेनचं पत्रक तयार केलं, फोटो लावला, छापा म्हणून दाबलं. प्रिंटरने कागद ओढला, घरघर केली आणि बाहेर ढकलला.

काळी चौकट. आत काहीही नाही. ना फोटो, ना नाव.

इस्क्राने छातीवर क्रूसाची खूण केली आणि तीनदा 'थू थू' केलं. "रिकामी चौकट! कोणाची तरी जागा धरून ठेवलीय, दादा. मी हात लावणार नाही त्याला."

"काय जागा धरून ठेवलीय? फोटोचा भाग ड्रायव्हरला जमत नाहीये, एवढंच. पुन्हा दाब."

आता त्सोना मध्ये आली. "ल्यूबेनवर नको. एकदा पुरलाय त्याला मी. तुमची मशीन नीट होईपर्यंत माझ्या नवऱ्याला दहा दहा वेळा मारू नका."

"बरं, मग इस्क्राचा फोटो घालू."

"वेडे झालात का!" इस्क्रा ओरडली. "मला दोन पोरं आहेत!"

"मग मांजराचा घाल!"

"माझं मांजर बरंय अजून," त्सोना म्हणाली.

माझं डोकं फिरलं. पाच वर्षं वैज्ञानिक मासिकाचा वर्गणीदार आहे मी, आणि या दोघी मला एक चाचणीचं पान काढू देईनात. मी टेबलावर हात आपटला. "घाल माझं नाव! घाल माझा फोटो! मी घाबरत नाही कुठल्या चौकटीला! वाइनच्या उत्सवातला फोटो आहे ना तुझ्याकडे? घाल तो. झहारी दिमोव कोलारोव. लिही!"

इस्क्राने 'थू थू' करत ल्यूबेनच्याच पत्रकाची एक प्रत काढली, त्यात फोटो आणि नाव बदललं. फोटोत मी तोंड भरून हसतोय, डोक्यावर द्राक्षवेलीची माळ. खाली बारीक अक्षरात काय आहे, ते आमच्या तिघांपैकी कोणी पाहिलंसुद्धा नाही.

छापा दाबलं. काही नाही. मी काहीतरी बदललं, तिने पुन्हा दाबलं. काही नाही. असं नऊ वेळा. कुठे काय अडकलं होतं ते मला नंतर कळलं. रिकामी चौकट काढल्यावर प्रिंटरने बिघाड नोंदवून स्वतःला थांबवून घेतलं होतं, आणि आम्ही दाबलेलं प्रत्येक काम मागे रांगेत मुकाट्याने उभं राहत होतं. आणि प्रतींच्या रकान्यात इस्क्राकडून माझ्या पत्रकाच्या वेळी चुकून पडलेला तीनचा आकडा तसाच होता.

चार वाजता, एकदाचा, माझ्या डोक्यात दिवा पेटला. बाहेर उंडारायची गरजच नव्हती. योग्य ड्रायव्हर सिस्टिमच्या स्वतःच्या भांडारात, नाकासमोर पडला होता. फक्त त्याआधी अर्धी सिस्टिम ताजी करायची होती, म्हणजे बरंच काही उतरवून घ्यायचं होतं, आणि तेही माझ्या फोनच्या नेटवरून. साडेचारला एक्केचाळीस टक्के झालं होतं. बाहेर बसने हॉर्न दिला.

"त्सोना, ऐक," मी म्हटलं. ल्यूबेनच्या तीस प्रती मी आधीच छापायला लावून ठेवल्या. "हा फोन इथेच राहू दे, त्याला हलवू नकोस. इथे शंभर झालं आणि 'पूर्ण' असं आलं, की या खिडकीतलं हे हिरवं बटण दाबायचं, 'पुन्हा सुरू करा'. बस्स. पत्रकं आपोआप निघतील. मग दाराला कुलूप लाव, किल्ली कुंडीखाली ठेव."

"आणि फोनशिवाय तू?"

"दोन दिवस फोन नसला म्हणून मरत नाही मी."

हे वाक्यसुद्धा मी पुन्हा कधी बोलणार नाही.

व्रात्साला लेकीच्या स्वयंपाकघरातला नळ बदलला, जावयाशी वाद घातला, नातीशी पत्ते खेळलो आणि शनिवारी सकाळच्या बसने परत निघालो. पावणेदहाला गावात उतरलो. उतरताना पुढच्या सीटवरची एक म्हातारी माझ्याकडे बघून किंचाळली आणि तिच्या हातातली अंडी खाली पडली. मला वाटलं, माझ्या दाढीमुळे.

मग थांब्याच्या काचेवर मी स्वतःला पाहिलं.

काळी चौकट. मी, तोंड भरून हसतोय, डोक्यावर द्राक्षवेल. खाली: 'झहारी दिमोव कोलारोव आपल्याला सोडून गेल्याला चाळीस दिवस झाले. प्रार्थना शनिवारी सकाळी दहा वाजता चर्चमध्ये, नंतर घरी सर्वांनी यावे.' आणि त्याच्याखाली, बारीक अक्षरात: 'शोकाकुल पत्नी, त्सोना.'

माझी पाचावर धारण बसली. माझी बायको जाऊन नऊ वर्षं झाली! मी पत्रक टरकावून काढलं. पुढच्या खांबावर दुसरं. दुकानाच्या दारावर तिसरं. माझ्या स्वतःच्या फाटकावर, तेही अगदी सरळ, चारही कोपरे नीट चिकटवलेले. मी एकेक ओरबाडत चर्चच्या दिशेने धावत सुटलो. एकाहत्तराव्या वर्षी, बॅग घेऊन, चढावर.

चर्चचं अंगण भरलेलं. खरं सांगतो, ईस्टरला नसते एवढी गर्दी. सगळं गाव आलेलं, वरच्या वस्तीतलेसुद्धा. सगळ्यात पुढे गात्यो उभा, माझा शेजारी. सामाईक अक्रोडाच्या झाडावरून अकरा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही. हातात चार कार्नेशनची फुलं, डोळे लाल.

मला बघताच त्याची फुलं गळून पडली.

"तू... तू मेलास ना?"

"मी कशाला मरू? तूच मर!"

"सगळं गाव तुला फोन करतंय कालपासून! उचलत नाहीस! घराला कुलूप! लेकीचा नंबर कोणाकडे नाही!"

"लेकीचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे! आणि चाळीस दिवस लिहिलंय तिथे! मंगळवारी दुकानात माझ्या पुढे रांगेत घुसला होतास तू! तुझं तुला कळू नये?"

गात्यो गोंधळला. "मला वाटलं, ते तुझ्या फुकटच्या पेंग्विनने चुकीचं छापलं असणार."

मागून दुकानदारीण म्हणाली, "आम्ही म्हटलं, लग्न कधी केलं या दोघांनी? ल्यूबेनला जाऊन दीड महिना नाही झाला! ते तर विचारायलाच हवं होतं." म्हणजे अर्धं गाव रडायला आलं होतं आणि अर्धं चौकशीला.

पाद्रीबाबा दारात आले, मला पाहिलं, क्रूसाची खूण केली आणि म्हणाले, "झहारी, माझ्या वहीत आज ल्यूबेनचं नाव आहे. मी म्हटलंच, तुझं कुठून आलं. आता आत ये, मेणबत्त्या वाया जायला नकोत."

माणसं मेणबत्त्या घेऊन आलीच होती. परत जाणार कशी, आणि जिवंत माणसासाठी पेटवणार तरी कशी? तर सगळ्यांनी ल्यूबेनसाठी पेटवल्या. गात्योने फुलं वेचली, झटकली आणि ल्यूबेनच्या फोटोपुढे ठेवली. मग अख्खी मिरवणूक त्सोनाच्या अंगणात. चार टेबलं पुरली नाहीत, शेजारून आणखी तीन आणली. आठ किलो गहू, साखर आणि अक्रोड घातलेला, दुपारपर्यंत चाटूनपुसून साफ. वाइनचा पहिला घोट प्रत्येकाने जमिनीवर सांडला आणि म्हटलं, "देव ल्यूबेनला क्षमा करो." म्हणावंच लागतं, खायचं असेल तर.

आणि मग सुरू झालं. दुकानदारीण म्हणाली, माझा नळ त्याने तीनदा बंद केला. कोणी म्हणालं, माझा पाचदा. चढाओढ लागली. हसणं सुरू झालं. गात्यो म्हणाला, "माझा बंद केला तेव्हा माझी आई अंथरुणावर होती. मी त्याला दगड मारला. संध्याकाळी येऊन म्हणाला, कायदा तो कायदा, आणि दारात पाण्याच्या दोन बादल्या ठेवून गेला. रोज ठेवायचा. आई जाईपर्यंत." मग कोणीतरी पुन्हा पेला उचलला.

मी त्सोनाला स्वयंपाकघरात गाठलं. मी चुरगळलेली पत्रकं तिच्यापुढे टाकली.

"त्सोना, मशीनमधून माझी निघाली, ल्यूबेनची निघालीच नाहीत, होय ना?"

"सत्तावीस निघाली. सगळी तुझी. मग कागद संपला आणि कागदाच्या कपाटाची किल्ली इस्क्राकडे."

"आणि तू न बघता चिकटवत सुटलीस? एकदाही वाचलं नाहीस?"

तिने ताटली पुसली, बाजूला ठेवली. "वाचलं की. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. वाचता येतं मला, झहारी."

मी एक चुरगळलेलं पत्रक सरळ केलं आणि ती शेवटची ओळ पुन्हा वाचली.

"दफनाला ते पत्रकांमुळे आले नाहीत असं मी म्हणायचे. तू 'हो हो' म्हणायचास. चांगला आहेस तू." तिने दुसरी ताटली घेतली. "पण त्याचं नाव वाचून कोण येणार होतं? चार टेबलं मांडून मी एकटी बसले असते. तुझ्यासाठी येतील, म्हटलं. एकदा आले की बसतील. तुझा तो फोन आत वाजत होता, बाहेर ऐकू येत होतं. किल्ली कुंडीखाली आहे हे ठाऊक होतं, तरी मी आत गेले नाही."

"आणि 'शोकाकुल पत्नी'?"

"ते कात्रीने कापणार होते," ती म्हणाली. "पण म्हटलं, त्याने आणखी येतील."

मला संतापायचं होतं. गावभर मला मारून, वर लग्नही लावून दिलं होतं या बाईने. पण बाहेर सात टेबलांवर माणसं ल्यूबेनच्या गोष्टी सांगत होती, आणि त्सोना हातातली ताटली तशीच धरून ते ऐकत होती. तिचे डोळे भरून आले होते. मी दुसरं फडकं घेतलं आणि ताटल्या पुसायला लागलो.

मंगळवारी मी रांग रिकामी केली, तीनचा आकडा एक केला, आणि प्रिंटर आता लोण्यासारखा चालतो, कोणीही येऊन बघावं. गात्यो माझ्याशी बोलतो. मुख्यतः अक्रोडावरून भांडतो, पण बोलतो.

फेब्रुवारीच्या शेवटी ल्यूबेनचे सहा महिने भरले. त्सोना पुन्हा वाचनालयात आली, बुटांवरचा बर्फ झटकत.

मी म्हटलं, "पाहिजे तर माझंच छापू. आता सवय झालीय मला."

"एकदा मेलास तेवढं पुरे," ती म्हणाली. "या वेळी ल्यूबेनचंच. येतात का बघू."

तीस प्रती, पहिल्या दाबात. फोटोसकट. गोंदाची बाटली घेऊन मी स्वतः निघालो. प्रत्येक फाटकावर पत्रक चिकटवलं की दार वाजवायचो आणि माणूस बाहेर आला की विचारायचो, "माझ्या चाळिसाव्याला आला होतास ना? मग याच्या सहा महिन्यांना येशील की नाही?"

तोंडावर नाही म्हणायची एकाचीही हिंमत झाली नाही. शनिवारी त्सोनाने पाच टेबलं मांडली, आणि ती भरली.